विश्लेषण : ‘सुनेनेच माझे पैसे नेले!’ अल्झायमरमध्ये माणूस असा का वागतो?

चंचीत ठेवलेल्या नोटा सापडत नाहीत म्हणून घरातल्या आजी सुनेवर चोरीचा आळ घेतात. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतात. चार दिवसांनी चंची ज्वारीच्या कणगीत सापडते, तरी आळ काही मागे घेत नाहीत. उलट ‘मी बोलले म्हणून आणून ठेवली’ म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे घडू शकते. गाव मग दोनच निष्कर्ष काढते. एक तर सासू खाष्ट आहे, नाहीतर सून खरेच चोर आहे. आजींचा मेंदू आजारी असू शकतो, ही तिसरी शक्यता बहुधा शेवटी आठवते, आणि तोवर घरात बोलाचाली बंद झालेली असते.

अल्झायमर म्हणजे ‘विसरण्याचा आजार’ एवढेच आपल्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात घरच्यांना मेटाकुटीला आणते ते विसरणे नव्हे. संशय, चिडचिड, रात्रीचे जागरण, घराबाहेर निघून जाणे, अंघोळीला विरोध, नसलेली माणसे दिसणे, यांनी घर थकते. ही लक्षणे का येतात, त्यांवर काय करता येते आणि जिल्ह्यात मदत कुठे मिळू शकते, ते पाहू.

ही लक्षणे आजाराचाच भाग आहेत का?

हो, आणि अगदी पहिल्या दिवसापासून. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याबद्दल जे लिहून ठेवले, त्यात पहिले लक्षण म्हणून नोंद आहे ती नवऱ्यावरच्या संशयाची. विसरणे त्यानंतर आले. ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे ओढत नेई, लपवून ठेवी. आपल्याला कुणीतरी मारायला टपले आहे असे वाटून मोठमोठ्याने ओरडे. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत सापडलेल्या बदलांची माहिती डॉक्टरांच्या सभेत मांडली. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

म्हणजे ज्या रुग्णामुळे हा आजार जगाला कळला, तिच्या घरातही वस्तू लपवणे आणि जवळच्या माणसावर संशय हेच चालले होते. पुढे मात्र अभ्यासाचा सगळा भर स्मरणशक्तीवर गेला. वागणुकीतल्या बदलांकडे स्वतंत्रपणे पाहायला बरीच दशके गेली. १९९६ मध्ये वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या सर्वांना मिळून एक नाव दिले. त्याचे इंग्रजी लघुरूप ‘बीपीएसडी’, म्हणजे स्मृतिभ्रंशातील वर्तनविषयक आणि मानसिक लक्षणे.

अमेरिकेतल्या युटा राज्यातील कॅश काउंटी या भागात रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला. त्या काळात ९७ टक्के रुग्णांमध्ये यातले किमान एक लक्षण दिसले. तेव्हा ‘आमच्याच घरात असे का?’ या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. असे जवळजवळ प्रत्येक घरात होते, फक्त कुणी बाहेर बोलत नाही.

चोरीचाच आळ का, आणि सुनेवरच का?

अल्झायमरमध्ये सुरुवातीला इजा होते ती नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला. चंची कणगीत ठेवल्याची आठवण मेंदूत तयारच होत नाही. आजींच्या दृष्टीने खरे एवढेच आहे, की वस्तू होती आणि आता नाही. मेंदूला अशी रिकामी जागा सहन होत नाही, तो कारण शोधतो. निरोगी माणूस ‘मीच कुठेतरी ठेवली असेल’ असे म्हणून थांबतो, कारण स्वतःच्या अंदाजावर शंका घेण्याची क्षमता त्याच्यापाशी शाबूत असते. आजारात मेंदूच्या पुढच्या भागाचे हे काम ढासळते. मग ‘कुणीतरी नेली’ हेच एक उत्तर उरते.

आणि कुणीतरी म्हणजे कोण? जे दिवसभर समोर असते ते. स्वयंपाक, औषध, कपडे, सगळे जिच्या हातून होते ती. पुण्याला नोकरी करणारा मुलगा महिन्यातून एकदा येतो, त्याच्यावर आळ येत नाही. उलट त्याच्यासमोर आजी छान बोलतात, आणि त्याला वाटते की बायकोच वाढवून सांगते आहे. या एका गैरसमजापायी मोडलेली घरे किती असतील, याचा हिशेब कुठे ठेवला जात नाही.

आळ खोडून काढण्याचा उपयोग होत नाही. ज्या समजुतीवर पुरावा दाखवूनही परिणाम होत नाही, तिला मनोविकारशास्त्रात भ्रम म्हणतात. शपथा घेणे, चारचौघांना बोलावून खुलासा करणे, मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवणे, याने भ्रम आणखी घट्ट होतो. ‘आत्याबाई, चला आपण दोघी मिळून शोधू’ एवढे म्हणून सोबत उठलेले बरे.

‘मला घरी जायचंय’, पण घर कुठले?

दिवस कलला की अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, थकवा आलेला असतो, आणि मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळही बिघडलेले असते. मग स्वतःच्याच घरात बसून माणूस म्हणतो, ‘मला घरी सोडा.’ त्याच्या मनातले घर बहुधा तरुणपणीचे असते, कारण जुन्या आठवणी सर्वांत शेवटी पुसल्या जातात.

आपल्या जिल्ह्यात या वाक्याला आणखी एक पदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्याबरोबरच उमरगा आणि लोहारा भागातली अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारखी घरे. आज ऐंशीच्या आसपास असलेला माणूस तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर होता. त्याचे लग्न, मुले, बैलजोडी, गल्ली, पार, सगळे जुन्या गावठाणातले. आजाराने नंतरची तीस वर्षे पुसली, की त्याच्यासाठी नवे गाव हे परके गाव होते आणि पाय जुन्या जागेकडे वळतात. तिथे आता घर नाही हे त्याला कितीदा सांगणार? आणि दर वेळी सांगताना तो ते पहिल्यांदाच ऐकणार असतो. अशा वेळी ‘घर पडलं ना अण्णा, विसरलात का?’ यापेक्षा ‘तुमच्या वाड्यात किती खण होते हो?’ हा प्रश्न कामाचा. बोलता बोलता चहा होतो आणि बहुतेकदा निघण्याची घाई विरते.

निघून जाण्याचा धोका मात्र हसण्यावारी नेऊ नये. शिवारात उघड्या विहिरी आहेत, रात्री रस्त्यावर ऊसाचे ट्रॅक्टर असतात, उन्हाळ्यात दुपारचे ऊन जीवघेणे असते. सदऱ्याच्या आतल्या खिशात किंवा परकराच्या नाडीजवळ नाव-गाव-मोबाइल क्रमांक शिवून ठेवावा. अलीकडचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये असावा. किराणा दुकानदार, रिक्षावाले, एसटी स्टँडवरचा टपरीवाला यांना आजाराची कल्पना द्यावी. माणूस सापडत नसेल तर सकाळपर्यंत वाट न पाहता ११२ वर कळवावे.

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण कोणते?

उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. आरडाओरड किंवा संशय यांपेक्षाही जास्त दिसते ते निरुत्साही होणे. रोज पारावर बसणारे, भजनाला जाणारे आबा एक दिवस बाजेवरून उठतच नाहीत. बोलत नाहीत, काही मागत नाहीत. घरचे म्हणतात, ‘वय झालं, शांत झाले.’ त्रास नसल्याने कुणी डॉक्टरांकडे नेत नाही. यात नैराश्यही असू शकते, आणि नैराश्यावर उपचार आहेत. दोन्हींतला फरक डॉक्टरांनी ठरवायचा असतो.

याखेरीज भास होतात. गेलेला भाऊ अंगणात उभा दिसतो, कोपऱ्यात लहान मुले खेळताना दिसतात. कुणी आरशातल्या स्वतःलाच परका समजून भांडतो. कुणाला वाटते, ही आपली बायको नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी घरात शिरली आहे. ‘बाहेरचे काही झाले’ किंवा ‘करणी केली’ अशी शंका नेमकी इथे घरात शिरते. देवदर्शनाने मनाला आधार मिळत असेल तर त्याला कुणाची हरकत असू नये. पण अंगारे-धुपाऱ्यात सहा महिने गेले, मांत्रिकाने मारझोड केली, तर त्याची भरपाई होत नाही. मांत्रिकाची मारहाण हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

किती घरांचा हा प्रश्न आहे?

देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारित आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण.

धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ५७ हजार. राज्यात तेव्हा साधारण दहातला एक जण साठीपुढचा होता. हेच प्रमाण आणि देशाची सरासरी धरली, तर जिल्ह्यात बारा हजारांच्या आसपास रुग्ण असावेत. ही मोजणी नाही, फक्त हिशेब आहे. पण आठ तालुक्यांत मिळून बारा हजार म्हणजे मोठ्या गावात काही घरे नक्कीच. ती दिसत नाहीत, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण विषय मिटवतो.

अचानक बिघडले तर?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अल्झायमर हळूहळू वाढतो, महिन्यांनी आणि वर्षांनी. काल बरे असलेले माणूस आज एकाएकी बरळू लागले, ओळखेनासे झाले, दिवसा झोपते आणि रात्री ओरडते, तर तो अल्झायमर ‘वाढला’ असे गृहीत धरू नये. त्यामागे बहुधा शरीरातले काहीतरी असते. लघवीचा जंतुसंसर्ग, छातीत कफ, पाणी कमी पडणे, रक्तातले सोडियम घटणे, साखर कमी-जास्त होणे, चार दिवस शौचाला न होणे, पडून डोक्याला मार लागणे. याला तातडीने दवाखाना लागतो आणि कारण सापडले तर माणूस बऱ्याच अंशी पूर्वपदावर येते.

औषधेही घात करतात. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामाइन, अमिट्रिप्टिलिन, कंपावर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी अशा मेंदूत आणखी गोंधळ उडतो. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवरून आपल्या मनाने आणलेल्याही, पिशवीत भरून न्याव्यात.

आणि दुखणे. ज्या बाईने चाळीस वर्षे खुरपणी केली तिचे गुडघे दुखत असणारच, पण आजारात ‘दुखतंय’ हे शब्द तिला सापडत नाहीत. अंघोळीला उठवले की ती मारायला धावते. नॉर्वेत शुश्रूषागृहांतल्या ३५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेवर पायरीपायरीने उपचार केल्यावर, आणि त्यात बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल लागले, आठ आठवड्यांत अस्वस्थता १७ टक्क्यांनी घटली. झोपेची गोळी मागण्याआधी गुडघा दाबून पाहायला हवा.

मग औषध द्यायचेच नाही?

असे नाही. पण क्रम महत्त्वाचा. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे मूळ आजारावर दिली जातात. ती आजार थांबवत नाहीत, काहींना काही काळ थोडा फायदा होतो. नैराश्यावर वेगळी औषधे आहेत.

प्रश्न येतो तो हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्विटियापिन अशा मनोविकारांवरील औषधांचा. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, २००८ मध्ये जुन्या औषधांवरही. कारण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत ही औषधे घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४.५ टक्के होते, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के. २०२३ च्या मे महिन्यात त्याच नियामकाने अल्झायमरमधल्या अस्वस्थतेसाठी ब्रेक्सपिप्राझोल या औषधाला मान्यता दिली, पण तो इशारा त्यावरही कायम आहे.

तरीही रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, भासांनी भेदरलेला असेल, तर तज्ज्ञ हे औषध कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी देतात आणि पुन्हा पाहून कमी करतात. चुकते ते पुढे. एकदा लिहिलेली चिठ्ठी दाखवून घरचे वर्षानुवर्षे तीच गोळी आणत राहतात. ‘लेवी बॉडी’ नावाच्या स्मृतिभ्रंशात, ज्यात सुरुवातीपासून ठळक दृश्ये दिसतात आणि चालणे आखडते, हॅलोपेरिडॉलसारखे औषध फार घातक ठरू शकते. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, माणूस पडतो, मांडीचे हाड मोडते. गोळी सुरू करताना ‘किती दिवस, आणि पुन्हा कधी दाखवायचे?’ हे विचारण्याचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे.

घरात काय करता येते?

आधी एक वही करा. त्रास केव्हा झाला, त्याआधी काय घडले होते, कोण समोर होते, कशाने शांत झाले. आठवडाभरात काहीतरी सापडतेच. अंघोळीचा तंटा रोज सकाळी मोरीत होतो, पण दुपारी कोमट पाण्याने होत नाही. टीव्हीवरची मारामारी खरी वाटून आबा घाबरतात. संध्याकाळी वीज गेली की भास होतात, मग इन्व्हर्टरचा एक दिवा तरी हवा. मोतीबिंदू काढला आणि कानाचे यंत्र लावले, तर निम्मे गैरसमज कमी होऊ शकतात, कारण नीट न दिसणाऱ्या, नीट न ऐकू येणाऱ्या माणसालाच कुजबुज कटासारखी वाटते.

हाताला काम द्या. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, जनावरांना वैरण टाकताना सोबत नेणे. काम नीट झाले की नाही हे पाहू नका. सूचना एका वेळी एकच, समोर येऊन, हळू आवाजात.

जिल्ह्याच्या राहणीमुळे एक वेगळी अडचण येते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली जोडपी चार-सहा महिने परत येत नाहीत, म्हातारी माणसे घरी राहतात. सांभाळणारे हात एका दिवसात बदलतात आणि रुग्ण सैरभैर होतो. दुसऱ्या टोकाला, पुण्याचा मुलगा प्रेमापोटी आईला फ्लॅटवर नेतो आणि दोन आठवड्यांत ‘आजार खूपच वाढला’ म्हणून घाबरतो. जागा बदलली, संडास कुठे ते सापडत नाही, अंगण नाही, एवढेच कारण असू शकते. न्यायचेच असेल तर तिची वाकळ, तिचे भांडे, देवाचा फोटो सोबत न्यावा.

सांभाळणाऱ्याकडे कोण पाहणार?

याचे चांगले उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. तिथे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मोठे डॉक्टर पाठवले नाहीत. स्थानिक स्त्री-पुरुषांना थोडे प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले. आजार समजावणे, वागणुकीला कसे तोंड द्यायचे ते सांगणे, नातेवाइकांमध्ये कामाची वाटणी करून देणे, गरज असेल तेथे डॉक्टरांशी गाठ घालून देणे, एवढेच काम. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या लक्षणांची तीव्रता मात्र फारशी बदलली नाही. मला या अभ्यासातले हेच सर्वांत प्रामाणिक वाटते. वागणे तेच राहिले, तरी घर सुसह्य झाले.

गावोगावी आशा कार्यकर्त्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे करणे अवघड नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ‘प्रेरणा’ प्रकल्पातून मराठवाडा-विदर्भात गावपातळीवर मानसिक आरोग्याचे काम उभे राहिलेच आहे. त्यात म्हाताऱ्या माणसांसाठी चार प्रश्न वाढवायला हवेत.

आत्ता, धाराशिवमध्ये कुठे जायचे?

पहिली पायरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या जिल्हा रुग्णालयाची, तिथल्या मनोविकार विभागाची. व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम या तपासण्या आधी करून घ्याव्यात, कारण यांतल्या कमतरतेनेही असेच विस्मरण होते आणि ते बरे होऊ शकते. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा एमआरआय लागला तर अनेकांना सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. परंडा-भूमकडच्यांना बार्शी जवळ पडते. रुग्णाला नेणे शक्यच नसेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, सांभाळणाऱ्यानेही. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या, आणि जी रोज सांभाळते तिलाच सोबत न्या. मुलगा महिन्यातून एकदा पाहतो, त्याला रात्री दोन वाजता काय होते ते सांगता येणार नाही. आजींसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर पाच मिनिटे वेगळी मागून घ्यावीत.

आणि चंचीचे म्हणाल, तर त्याच कापडाची आणखी एक शिवून घ्या, दहा-वीसच्या चार नोटा घालून हाताशी ठेवा. पहिली कणगीत सापडेपर्यंत तिच्यावर भागते.